काजू विकून दाखवते

फोनवर बोलताना माणसाने उभं राहू नये, असं आशालता परुळेकरांचं ठाम मत झालं आहे. बसलेल्या माणसाच्या तोंडून "बरं, बघू या" असं निघतं. उभ्या माणसाच्या तोंडून प्रतिज्ञा निघतात.

सत्त्याण्णव सालच्या मार्चात त्या उभ्या होत्या. एका हातात झारा, दुसऱ्या हातात रिसीव्हर, आणि पलीकडे मालवणजवळच्या गावातल्या बूथवरून मोठा भाऊ विश्राम ओरडत होता.

"आशा, आयकतंस मा? एक पार्टी इली हा. उतारावरची काजीची बाग मागतत. हाटेल बांधतले म्हणे. वरसून समुद्र दिसता ना!"

"आणि तू काय सांगितलंस?" आशालताबाईंनी विचारलं. माहेरचा फोन आला की त्यांची भाषा अर्धी माहेरी जायची. म्हणून लगेच पुढे म्हणाल्या, "देतंस की काय?"

"काय करू तर? बी घेवन गेलंय की व्यापारी सांगता तो भाव. बागेक राखण, साफसफाई, सगळा माज्या एकट्याच्या जिवार. पोरगे काय परत येवचे नाय."

ती बाग आपांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, लावलेली. कातळात सुरुंगाचे खड्डे मारून त्यांत डोक्यावरून माती नेली होती, आणि लहानग्या आशाने उन्हाळाभर कळशीने पाणी. आता त्या जागी कोणीतरी टॉवेलात गुंडाळलेला माणूस समुद्र बघत सरबत पिणार, हे चित्र आशालताबाईंच्या डोळ्यांपुढे आलं, आणि झारा वर गेला.

"दादा, एक वर्स थांब! व्यापाऱ्याक एक बी घालू नको. सगळी फोडून घे, आणि वसईक पाठव. मी विकून दाखवतंय!"

पलीकडून बूथच्या मीटरची टिकटिक ऐकू आली. मग दादा म्हणाला, "बरा. देवदिवाळीपर्यंत पार्टीक थांबवतंय. तुजा जमला तर बाग ऱ्हवली. नाय जमला तर..." आणि फोन कट झाला.

करार एवढाच. काजू विकले गेले तर आपांची बाग राहणार, नाही तर हॉटेल. एवढी सोपी अट आपल्या वाट्याला पुन्हा आली नाही, असं आशालताबाई अजून म्हणतात.

त्यांचे यजमान शांतारामराव चर्चगेटच्या एका सरकारी कचेरीत होते आणि व्यापारावर त्यांची फार श्रद्धा होती, कारण तो त्यांनी कधी केला नव्हता. रविवारच्या पुरवणीत त्यांनी 'मधला माणूस हटवा' अशा अर्थाचा लेख वाचला होता. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढलं. डावीकडे बाग, उजवीकडे गिऱ्हाईक, मधे गावचा व्यापारी, दलाल, कारखानदार, घाऊकवाला आणि किरकोळवाला. मग लाल पेनाने त्यांनी मधल्या एकेकावर फुली मारली. फुल्या मारताना त्यांचा चेहरा न्यायाधीशासारखा झाला होता. सगळे मेल्यावर कागदावर एक लांबलचक रेघ उरली. तिच्या मधोमध त्यांनी लिहिलं : आशालता.

"म्हणजे ही सगळी कामं मी करायची?" आशालताबाईंनी विचारलं.

"कामं नाहीत गं. ते सगळे नुसते मधे बसलेले असतात," शांतारामराव म्हणाले.

हे वाक्य नंतर त्या घरात पुष्कळदा आठवलं गेलं, पण मोठ्याने म्हटलं गेलं नाही. परुळेकर मंडळी एकंदरीत समजूतदार.

मेच्या शेवटी माल आला. गावच्या एका घरगुती कारखान्यात बी भाजून, फोडून, वहिनीने स्वतः निवडून, वरची तांबूस साल तशीच ठेवून दादाने गर पत्र्याच्या डब्यांत भरले होते. मालवणी माणसाच्या लेखी सालीचा काजू हाच काजू. सोललेला काजू त्याला आजारी वाटतो. डबे लक्झरी बसने वसई फाट्यापर्यंत आले आणि तिथून टेम्पोने वसई गावाकडे निघाले. टेम्पोत पुढे ड्रायव्हर, शेजारी शांतारामराव, आणि डबे हलू नयेत म्हणून मागे आशालताबाई.

जकात नाक्यावर कारकुनाने टेम्पोत डोकं घातलं.

"काय आहे?"

"काजू," शांतारामराव म्हणाले.

"घरगुती की व्यापारी?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण तो शब्द आशालताबाईंच्या सात पिढ्यांत कोणी स्वतःबद्दल उच्चारला नव्हता. त्यांच्याकडे मास्तर झाले, तलाठी झाले, एक काका तर भजनी बुवा झाले. व्यापारी हा दुसऱ्यांनी व्हायचा आणि आपण त्याला नावं ठेवायची, अशी कामाची वाटणी होती. त्या मागून पटकन म्हणाल्या, "घरगुती!"

कारकुनाने डब्यांची चवड पाहिली, मग या दोघांकडे पाहिलं. "घरात माणसं किती?"

"आम्ही दोघं आणि मुलगी. आम्हाला काजू आवडतात."

"एवढे?"

"उसळ करतो," आशालताबाई म्हणाल्या. "पाहुणे येतात."

कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, "बाई, एवढ्या काजूला पाहुणे यायचे तर लग्नच काढावं लागेल." त्याने शांतपणे पावतीवर 'व्यापारी' असं लिहून जकात घेतली. पैशांचं काही नाही, पण तो शब्द आशालताबाईंना लागला. घरी येईपर्यंत त्या टेम्पोच्या मागच्या बाजूला कोणा ओळखीच्याला दिसू नये म्हणून डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या.

'सागरछाया' सोसायटीत, जिथून सागर दिसत नाही आणि छायाही पडत नाही, परुळेकरांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. डबे पलंगाखाली गेले, माळ्यावर गेले, उरलेले बाहेरच्या खोलीत एकावर एक राहिले. कन्या ज्ञानदा दहावीत होती. तिने त्यांवर चादर टाकून अभ्यासाचं टेबल केलं. शांतारामरावांनी भाव ठरवला. दुकानापेक्षा कमी, व्यापाऱ्यापेक्षा खूप जास्त. नवा तराजू आला, आणि वजनं मुद्दाम शिक्का मारून आणली. आता फक्त विकायचंच राहिलं होतं.

ही बातमी लपवायची म्हटली तरी लपली नसती. संध्याकाळपर्यंत तिघीजणी सल्ला द्यायला आल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या सुरुचीच्या आई म्हणाल्या, "आधी चव द्या हो. चव घेतल्याशिवाय कोण घेईल? वाटीवाटी सगळीकडे पाठवा, बघा कशी रांग लागते." खालच्या मजल्यावरच्या बाईंचं म्हणणं पडलं की पिशवीला रिबीन हवी. कुंपणापलीकडच्या बैठ्या घरातली सालोमी, जिची सांडोरला केळीची वाडी होती आणि जिच्या घरचं काहीही पिकलं की पहिला वाटा कुंपणावरून यायचा, ती म्हणाली, "बाय, तू मला नुसतं सांग, मी आमच्या चर्चच्या सगळ्या बायांना सांगते. पण चव दे गो आधी."

चवीला हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. पुरवणीतल्या लेखातही 'नमुना' असा शब्द होता. आशालताबाईंनी स्टीलच्या वाट्या काढल्या आणि प्रत्येक घरी भरून पाठवल्या. वाटी शिगोशिग भरली. माहेरचं द्यायचं आणि वाटी उणी ठेवायची, हे त्यांच्या हाताला शिकवलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वाट्या परत येऊ लागल्या.

आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. ही रीत ज्याने कोणी लावली त्याला धंदा करायचा नव्हता, एवढं नक्की. सुरुचीच्या आईंकडून कैरीचं लोणचं आलं. खालून उडदाचे पापड आले. सालोमीने वाटीबरोबर ताटात अख्खी केळीची फणी पाठवली आणि वर निरोप, "काजू फस्क्लास." कोणाकडून साबुदाण्याच्या चकल्या, कोणाकडून साखरआंबा. आता सालोमीच्या फणीची परतफेड म्हणून तिचं ताट तसंच कसं पाठवायचं? त्यात पुन्हा काजू गेले. काजू गेले म्हटल्यावर तिकडून अळूची पानं आली. अळूच्या वड्या झाल्या, त्या सगळ्यांकडे गेल्या, आणि प्रत्येक वडीवर दोन काजू खोचून गेल्या, कारण घरात दुसरं होतं काय?

शांतारामराव ऑफिसातून आल्यावर रोज विचारायचे, "आज काय विक्री?"

"सगळ्यांना फार आवडले," आशालताबाई सांगायच्या.

"ते झालं. पैसे?"

"मेतकूट आलंय."

रांग काही लागली नाही. लागणार कशी? ज्यांच्या घरी तीन वेळा वाटी गेली, त्यांना चौथ्या वेळी "हे आता विकत बरं का" असं सांगायचं कसं? एकदा त्यांनी धीर करून सुरुचीच्या आईंजवळ विषय काढला. "अहो, तुम्हाला म्हणून सांगते, अर्धा किलोची पिशवी..." तेवढ्यात सुरुचीच्या आई कळवळून म्हणाल्या, "नको नको, आता आणखी नका देऊ हो! किती द्यायचं माणसाने!" आशालताबाईंनी अर्धा किलोची पिशवी त्यांच्या हातात ठेवली आणि घरी आल्या.

जे खरोखर विकत घ्यायला तयार होते त्यांचं सालीवरून अडलं. "जरा काळपट दिसतात ना?" "जुने आहेत का?" "दुकानात बघा कसे पांढरेशुभ्र असतात!" तेव्हा सोसायटीच्या बायकांनीच तोडगा काढला : सगळ्या मिळून साली काढू. एका दुपारी परुळेकरांच्या घरी सतरंजी पसरली, गरम कढईतून काजू येऊ लागले आणि दहा-बारा बायका गप्पा मारत सोलायला बसल्या. कामाला इतका उत्साह आशालताबाईंनी हळदीकुंकवालाही पाहिला नव्हता. संध्याकाळी साली भरपूर निघाल्या. काजू त्या मानाने कमी निघाले. जे निघाले त्यांतले निम्मे दुभंगले होते, आणि जाताना प्रत्येकीच्या हातावर, एवढं काम केलं म्हणून, ओंजळ ओंजळ ठेवणं भागच होतं.

एवढी वर्दळ बघून सोसायटीचे सेक्रेटरी गोडांबे जागे झाले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या आयुष्यात सोसायटीचे नियम सोडले तर फारसं काही उरलं नव्हतं. ते टाय लावून आले आणि नोटीस वाचून दाखवू लागले : सदनिकेत वाणिज्य स्वरूपाचा व्यवसाय सुरू असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी...

आशालताबाई ताडकन उठल्या. "गोडांबेकाका, या इमारतीत मी एक तरी दाणा कोणाला विकला असेल तर दाखवा!"

गोडांबे कायद्याला धरून चालणारे. त्यांनी घरोघर जाऊन चौकशी केली. प्रत्येक घराने साक्ष दिली की बाईंनी आजवर एक पैसाही घेतलेला नाही. गोडांबे परत आले, टाय सैल केला आणि म्हणाले, "माफ करा वहिनी. माझी चूक झाली. इथे कोणताही व्यवसाय चालू नाही."

निर्दोष सुटताना माणसाला एवढं वाईट वाटू शकतं, हे आशालताबाईंना तेव्हा कळलं. त्यांनी गोडांबेकाकांना पाणी दिलं, आणि बरोबर बशीत... असो.

मग त्या स्टेशनजवळच्या मोठ्या मिठाईवाल्याकडे गेल्या. साडी इस्त्रीची, डब्यात निवडक माल, आणि मनात वाक्यं पाठ. त्याने चार काजू तळहातावर घेतले, अंगठ्याने साल चोळली, एक तोडला आणि उरलेले परत डब्यात टाकले.

"माल चांगला आहे, बाई. पण मला सगळे एका मापाचे हवेत, सोललेले. तुकडा असेल तर बर्फीला लागतो, कायम घेईन. भाव मात्र तुकड्याचा."

भाव वाईट नव्हता. आज शांतपणे विचार केला तर चांगलाच होता, आणि माणूसही गोड बोलणारा होता. पण वहिनीने हाताने निवडलेल्या, आपांच्या उतारावरच्या काजूला तो 'तुकडा' म्हणाला. आशालताबाई डब्याचं झाकण लावून, मान ताठ ठेवून दुकानाबाहेर पडल्या. ताठ मानेने घरी येताना त्यांनी आयुष्यात जेवढे पश्चात्ताप बरोबर आणले, त्यांतला हा सगळ्यांत मोठा. तेव्हा मात्र तो त्यांना स्वाभिमान वाटला होता.

पुढे दमट दिवस आले आणि काजू मऊ पडले. मग ते पुन्हा भाजले. ज्ञानदा म्हणाली मसाला लावू, म्हणून मिरी लावली. एक घाणा करपला. शांतारामरावांनी कॅलेंडरचं चित्र पुन्हा काढून पाहिलं आणि म्हणाले, "चित्रात चूक नाही." सप्टेंबर उजाडला तरी निम्म्याहून जास्त डबे शिल्लक होते, आणि देवदिवाळी जवळ येत होती.

वाट दाखवली ती भागूबाईने. निर्मळची भागूबाई सकाळी भाजीची पाटी घेऊन दारावर यायची. डब्यांकडे बघून ती म्हणाली, "अवो, घरात बसून कोन घेनार? कार्तिकात आमची जत्रा भरते. माजी सुकेळ्यांची जागा ठरलेली हाय. बाजूला बसा. सगळी वसई येते तितं."

हे आशालताबाईंना एकदम पटलं. अनोळखी लोक, गर्दी, रोखीचा बाजार. आणि मन इतकं भरून आलं की त्यांनी दादाला फोन केला, उभ्यानेच. "जत्रेक ये. तुज्या डोळ्यांनी बग."

दादा आला. अंगात नवा शर्ट, काखेत छत्री, आणि पार्टीला उत्तर द्यायला मोजके दिवस राहिलेले. बहिणीच्या घरी आल्यावर त्याला कळेना, दारावरून जाणारा जो तो त्याच्याशी हसून का बोलतोय. "तुम्हीच का हो काजूवाले दादा? वा! काय काजू तुमचे!" गोडांबेकाकांनी तर हात मिळवला. दादा हरखला. "आशा, तुजो तर खूप जम बसलोहा गो," तो म्हणाला. आशालताबाईंनी त्याला अळूवडी वाढली आणि विषय बदलला.

निर्मळच्या जत्रेत भागूबाईच्या सुकेळ्यांच्या ढिगाशेजारी त्यांची चादर पसरली. सुकेळी म्हणजे वसईच्या केळ्याची सुकवलेली, पानात बांधलेली, गुळासारखी गोड मिठाई. तिला हाका मारून बोलवावं लागत नाही, तरी भागूबाई हाका मारत होती. आशालताबाई चष्मा लावून, मांडीवर पर्स घट्ट धरून, परीक्षेच्या पर्यवेक्षकासारख्या बसल्या होत्या.

"हाक मारा ना, बाई!"

"काय म्हणू?"

"अवो, काजू म्हना!"

आशालताबाई म्हणाल्या, "काजू." तो स्वर ऐकून शेजारच्या माणसालाही, कोणी काही बोललं का, एवढी शंकाच आली असती.

शेवटी भागूबाईनेच आवाज लावला, "या, कोकनचं काजू घ्या! बाईच्या भावाच्या बागंतलं! खाल तर परत याल!" आणि खरंच लोक थांबू लागले. फक्त, सगळी वसई येते, यातली मेख आशालताबाईंच्या आता लक्षात आली. सगळ्या वसईत ओळखीचे किती असतात, हे त्यांनी मोजलं नव्हतं. पहिल्या आल्या त्या ज्ञानदाच्या गणिताच्या बाई. त्यांनी पाव किलो मागितले आणि पाकीट उघडलं. आशालताबाईंच्या मनात भाव तयार होता. तोंडातून मात्र निघालं, "अहो, पैसे कसले घेता! तुम्ही मुलीला शिकवता!"

मागून दादा पाहत होता. तो खाकरला.

त्यामागून बँकेतले कारकून, मग ज्यांच्याकडे पाच वर्षांपूर्वी भाड्याने राहत होते ते घरमालक, मग सालोमी तिच्या चर्चच्या बायांना घेऊन आली. दिलेला शब्द तिने पाळला होता. सालोमीच्या बायांकडून पैसे घेणं म्हणजे तिच्या केळ्यांची किंमत करणं. आशालताबाईंनी घेतले नाहीत. एका अनोळखी बाईने मात्र पुरते पैसे दिले. त्याचा आनंद इतका झाला की आशालताबाईंनी तिच्या पिशवीत वर तेवढेच काजू घातले.

"तू ऊठ," दादा म्हणाला. "मी बसतंय."

विश्रामदादा चादरीवर मांडी घालून बसला आणि एकदम बाजाराचा झाला. त्याने तराजू उचलला तो पट्टीच्या दुकानदारासारखा. चढा आवाज, चोख वजन, घासाघीस केली तर मान हलवून नकार. एका शेटजींना त्याने ठणकावलं, "ह्यो भाव. परवडत नाय तर फुटाणे घ्या!" शेटजींनी हसून दोन किलो घेतले. मग एक जोडपं, मग कॉलेजची पोरं. पर्समध्ये नोटा येऊ लागल्या. आशालताबाई मागे उभ्या राहून बघत होत्या, आणि गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना तो उतार हॉटेलाशिवाय दिसला : झाडं, झाडांखाली पिकून पडलेली लाल-पिवळी बोंडं आणि त्यांचा तो आंबूस वास. हा दोन दिवस बसला तर सगळं निघेल. बाग राहील.

तेवढ्यात गर्दीतून एक माणूस वाकला, एक काजू उचलून वास घेतला आणि म्हणाला, "सालीचे? ह्ये खंयचे हो?"

दादाचा तराजू अधांतरी थांबला. "तुमी खंयचे?"

तो माणूस आता नालासोपाऱ्याला राहत होता, पण मूळ दादाच्या शेजारच्या गावचा. त्याची आई दादाच्याच वाडीतली. आणि आपांना, "काजीवाले आपा," तो ओळखत होता. लहानपणी त्याने त्यांच्या बागेत बोंडं चोरली होती आणि आपांनी पकडून उलट ओटीभर दिली होती.

दादाच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने पिशवी घेतली, तराजू बाजूला सारला आणि हातांनी भरायला लागला.

"दादा..." आशालताबाई मागून पुटपुटल्या.

"किती झाले?" त्या माणसाने खिशात हात घातला.

"पैशे कसले घेतास! गावचो माणूस तू!"

"नाय नाय, असा कसा? धंदो आसा तुमचो."

"धंदो कसलो? आपांच्या बागेचो काजू, आणि तुज्याकडसून पैशे घेऊ?"

नोट एकाने दुसऱ्याच्या खिशात कोंबायची आणि दुसऱ्याने ती परत पहिल्याच्या खिशात, असं युद्ध जत्रेच्या रस्त्यावर बराच वेळ चाललं. दादा जिंकला. हरलेल्या माणसाने मागे वळून हाक मारली. नालासोपाऱ्याहून मालवणी मंडळींचा अख्खा टेम्पो जत्रेला आला होता. सगळे आले. कोणी आपल्या देवळाच्या जत्रेची आठवण काढली, कोणी वहिनीच्या माहेरची चौकशी केली. एका म्हाताऱ्या बाईने सालीचा काजू तोंडात ठेवून डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. संध्याकाळपर्यंत डबे रिकामे झाले.

भागूबाईने कमरेवर हात ठेवून रिकामे डबे पाहिले. "तुमी भाऊ-बहीन जत्रा लुटायला आलावं का सोताला लुटवायला?"

दादाने आशालताबाईंकडे पाहिलं. आशालताबाईंनी दादाकडे पाहिलं. आधी दादा हसला. मग त्यांनाही हसू आलं, आणि दोघं इतके हसले की भागूबाईने काळजीने पाणी पुढे केलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी चादर घडी केली आणि रिकामे डबे उचलले. परतीच्या रिक्षात दादा बाहेर बघत म्हणाला, "माल बरो होतो गो आपलो. माणसांका आवाडलो."

"हो."

"पार्टीक हो म्हणान सांगतंय."

आशालताबाईंनी मान हलवली. तो रागावला असता, दोन शब्द लावले असते, तर त्यांना रडता तरी आलं असतं. पण तो पुढे म्हणाला, "तुजो काय दोष नाय. आपल्या घरात कोणाकच ता जमणारा नाय. आपांक तरी खंय जमला?" आणि मग रिक्षावाल्याला विचारू लागला की इकडे नारळाला काय भाव मिळतो.

देवदिवाळीनंतर बाग गेली. हॉटेल मात्र उभं राहिलं नाही. पार्टीने झाडं तोडली, कुंपण घातलं आणि पुढे पार्टीचं काय झालं कोणाला माहीत नाही. त्या उतारावर आता गवत असतं. दादाने हे सगळं एकदाच सांगितलं, फोनवर, आणि आशालताबाईंनी ते खुर्चीवर बसून ऐकून घेतलं.

पण गोष्ट इथे संपती तर बरं झालं असतं.

पुढच्या एप्रिलात सुरुचीच्या आई दार वाजवून आल्या. हातात पाकीट. "सुरुचीचं लग्न ठरलं! पाच किलो काजू हवेत, तुमच्याकडचेच. आणि हे आगाऊ पैसे धरा. गेल्या वर्षी तुम्ही ऐकलं नाहीत, यंदा फुकट मुळीच घेणार नाही, सांगून ठेवते!" त्यांच्या मागोमाग खालच्या बाई. गोडांबेकाकांनी आपली मागणी लेखी दिली. स्टेशनवरच्या मिठाईवाल्याने ओळखून विचारलं, "बाई, साल असली तरी चालेल, लोक मागतायत." वर्षभर जी रांग लागावी म्हणून आशालताबाई थांबल्या होत्या, ती लागली होती.

खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण सुरुचीच्या आईंचा चेहरा इतका आनंदी होता, आणि 'तुमच्या वाट्यांपायी बाग गेली' हे वाक्य, कसंही फिरवलं तरी, त्या चेहऱ्यावर जाऊन आदळलंच असतं. आशालताबाई म्हणाल्या, "यंदा मोहोर करपला हो. ढगाळ हवा होती. एक दाणाही आला नाही."

सगळी सोसायटी हळहळली. सल्ले आले. ताकाची फवारणी करा, धूर करा, कृषी खात्याला लिहा. गोडांबेकाकांनी दादाच्या वतीने अर्जाचा मसुदाही तयार करून दिला. त्याच्या पुढच्या वर्षीही मोहोर करपला. त्याच्या पुढे तुडतुडे पडले. एकदा वादळ झालं. मालवणातल्या उतारावर एक झाड उरलं नव्हतं, पण वसईत ती बाग अजून जिवंत होती, दरवर्षी नव्या रोगाने आजारी पडत होती, आणि अख्खी इमारत तिची काळजी करत होती. शांतारामरावांनी एकदा विचारलं, "हे किती दिवस चालायचं?" आशालताबाई म्हणाल्या, "चालतंय ना? मग चालू दे."

यंदा जानेवारीत थंडी चांगली पडली. आभाळ कोरडं, निळं. कुंपणापाशी सालोमी उभी होती, चेहरा खुललेला.

"बाय, औंदा एक ढग नाय बघ! मी रोज सकाळी बघते. चर्चमध्ये तुझ्या भावाच्या मोहोरासाठी मेणबत्ती पण लावली. धरला असेल ना औंदा?"

आशालताबाईंनी आभाळाकडे पाहिलं. एकही रोग आठवेना. आणि मेणबत्ती लावलेल्या माणसाला कोणता रोग सांगायचा?

"धरलाय," त्या म्हणाल्या.

"खरं?"

"खूप धरलाय. एकेका फांदीवर असा झुबका. काजूचा मोहोर बघितलायस तू? बारीक असतो, पण प्रत्येक फुलाला आतून गुलाबी रेघ असते. लांबून नाही दिसत, अगदी तोंडाजवळ धरावं लागतं. आणि वास! सकाळी उताराच्या खाली उभं राहिलं ना, की वरून येतो वारा आणि तो वास. मधमाश्यांचा नुसता आवाज असतो..."

सालोमी कुंपणावर हात टेकून ऐकत राहिली. आशालताबाई सांगत राहिल्या. मे महिन्यात काय सांगायचं ते मे महिन्यात बघता येईल.